ऑर्किडांची आवणी

सासूबाईंनी बंगल्यातली सगळीच्या सगळी ऑर्किडं बागेच्या चिखलात लावून टाकली होती. ओळीनं, मध्ये वीत-वीत अंतर सोडून, अगदी आवणीत भाताची रोपं लावतात तशी. स्वतः पोटरीभर चिखलात, लुगडं वर खोचून, डोक्यावर बांबूचं आणि पानांचं इरलं घेऊन वाकल्या होत्या आणि शेवटच्या झाडाचं बूड अंगठ्यानं दाबत होत्या. पाऊस धो धो पडत होता. झाडं वाहून गेली असती तर वेचून तरी आणली असती. पण त्यांनी लावलेलं रोप वाहून जात नसे.

मला बघून त्या उभ्या राहिल्या. तोंडावर समाधान होतं.

"बघ गं," त्या म्हणाल्या. "लटकून लटकून सुकत हुती बिचारी. येका दुपारात आवणी उरकली."

"आत्याबाई, टोपल्या कुठायत?" मी विचारलं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणत असू.

"कुटल्या टोपल्या?"

"ज्यांत ही झाडं होती त्या."

"त्या व्हय! अगं, सरपान समदं वलं. चूल पेटंना. त्या लय झ्याक जळाल्या बघ."

फाटकात बैलगाडी उभी होती आणि गाडीत पेंढ्यावर माझे यजमान पडले होते, पायाला बांबूच्या कामट्या बांधून. त्यांनी आतून हाक मारली, "काय झालं गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुमच्या आईनं आवणी केली."

मोडलेला पाय घेऊन पडलेला माणूस, पण त्यांनी विचारलं काय, तर "कशाची?"

मी गाडीच्या चाकाला धरून उभी राहिले. मला रडू वगैरे आलं नाही. मला कुणाला तरी मारावंसं वाटत होतं आणि कुणाला मारावं ते कळत नव्हतं.

हे सगळं लोणावळ्यातलं. यजमान तिथं एका बंगल्यावर माळी होते आणि बंगल्यामागच्या आउटहाऊसमध्ये आम्ही राहत होतो. बंगला मुंबईच्या एका पारशी बाईंचा. उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर त्या यायच्या, पावसाळ्यात बंगला बंद. मी बाजारपेठेतल्या घरातली, चार इयत्ता शिकलेली. बापाचं दुकान होतं, शेत नव्हतं. यजमान बेडशाच्या डोंगराखालच्या गावचे, घरी भातशेती, ती धाकटा दीर बघायचा. दोन खाचरांत तीन भावंडांचं भागत नाही म्हणून हे माळीकामाला आले. गुलाब, मोगरा, क्रोटन हे त्यांना चांगलं जमायचं. ऑर्किड त्यांनीही पाहिलं नव्हतं, मीही नव्हतं.

त्या वर्षी थंडीत बाईसाहेब येताना आगगाडीतून ती झाडं घेऊन आल्या. सागवानी पट्ट्यांच्या टोपल्या, पितळेच्या तारेनं बांधलेल्या, आत कोळशाचे आणि विटेचे तुकडे, आणि त्यांत ही झाडं. माती नावाला नाही. जाड पानं, आणि मुळं टोपलीबाहेर लोंबणारी, पांढरी, गांडुळासारखी. मला पहिल्यांदा किळसच आली. त्या टोपल्या पोर्चमध्ये आकड्यांना टांगल्या. थंडीत दोन-तीन झाडांना फुलं आली, ती महिना दीड महिना टिकली. मुंबईचे पाहुणे खुर्च्या ओढून समोर बसायचे आणि एकमेकांना दाखवायचे. बाईसाहेब इतक्या खूश होत्या, जसं काही ती फुलं त्यांच्याच पोटची.

जूनमध्ये मुंबईला परत जाताना झाडं नेता येईनात. तिथल्या गॅलरीत दुपारचं ऊन येतं, समुद्राचा खारा वारा येतो, झाडांना सोसत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आमच्यावर सोपवली. यजमानांना समोर उभं करून सांगायला लागल्या.

"बराबर ऐक हां. उजेड पाहिजे पण ऊन नाय. हवा पाहिजे पण वारा नाय. पानी पाहिजे पण ओल नाय. भूक लागते त्यांना, पण खत कमी."

"हो बाईसाहेब," हे म्हणाले.

"पानी जास्ती झाला तर मरेल. कमी झाला तर पण मरेल."

"हो बाईसाहेब."

त्यांना कुणीही काहीही सांगितलं तरी ते हो म्हणायचे. त्यांचा तो स्वभावच. रात्री मी विचारलं, "म्हणजे नक्की करायचं काय?" तर म्हणाले, "बघू." मी म्हटलं, "हे झाड आहे का जावई? पाटावर बसवायचा पण पाट टोचायला नको."

जाताना गाडीत बसता बसता बाईसाहेब हसत म्हणाल्या, "ही मेली तर मी दुसरा माळी बघणार हां." हसत म्हणाल्या म्हणून यजमानांनी मनावर घेतलं नाही. मी घेतलं. मोठ्या घरच्या बायका असल्या गोष्टी हसूनच सांगतात, आणि मग तशाच करतात.

त्यानंतर आठवडाभरात यजमान बंगल्याची कौलं शाकारताना छपरावरून पडले. पायाचं हाड मोडलं. बाजारातल्या एकानं बसवलं, ते वाकडं बसलं. पाय सुजून काळानिळा झाला. देहूरोडला तेव्हा लष्कराचा डेपो चालू झाला होता, धडधाकट माणसाला तिथं काम होतं. मोडक्या पायाला कुठंच नव्हतं. गावाकडे गेलो असतो तर दिराच्या दोन खाचरांवर आणखी दोन तोंडं. तेव्हा ती खोली आणि ती माळ्याची जागा सुटली तर आम्हाला जायला जागा नव्हती, आणि ती जागा टिकणं त्या लोंबत्या मुळांवर येऊन ठेपलं होतं. एवढी साधी गोष्ट. पण घरात ती माझ्याशिवाय कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती.

मुलाचा पाय मोडला म्हणून आत्याबाई गावाहून आल्या. आल्या त्या आषाढात. गावात सगळी माणसं चिखलात, आवण्या चाललेल्या, आणि ह्या लोणावळ्यात खोलीत बसून. त्यांनी जन्मात कधी आवणी चुकवली नव्हती. दिवसभर दारात बसून पावसाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "हे असं पानी, आन् मी हितं बसून." हात नुसते चाळवत असायचे. मी त्यांना लसूण सोलायला दिला, वाकळ शिवायला दिली. पण भात लावणारा हात लसणानं शांत होत नाही. हे मला आधी कळायला पाहिजे होतं असं पुढं पुष्कळांनी मला सांगितलं. सांगणाऱ्यांच्या घरी त्यांची सासू नव्हती.

कार्ल्याच्या पुढं एका खेड्यात हाड बसवणारा चांगला आहे असं कळलं म्हणून मी गाडी करून यजमानांना तिकडे नेलं. त्यानं पाय पुन्हा ओढून बसवला. हे एवढे ओरडले की गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. येताना ओढ्याला पूर आला आणि आम्ही तिथंच अडकलो. पाणी उतरल्यावर आलो तर आवणी झालेली.

त्या पावसात मी चिखलातून एकेक झाड उपटून काढलं. आत्याबाई बांधावरून बघत होत्या आणि रागावत होत्या.

"अगं, जगली हुती की! कशाला उपटतीस?"

"ही पाण्यात जगत नाहीत, आत्याबाई."

"भात जगतं, मग ह्येला काय धाड भरली?"

"हे भात नाही."

"मग काय हाय?"

"मला ठाऊक नाही."

"ठावं न्हाई तर मग उपटतीस कशापायी?"

मी पुढचं झाड उपटलं. मग छपराच्या पन्हळीखाली धरून मी मुळं धुतली. निम्मी मुळं हातात आली. वरची साल निघाली की आत दोऱ्यासारखं काहीतरी उरायचं. दोन झाडांचा शेंडा धरला तर शेंडाच उपटून आला, खालचं कुजलेलं, वास असा की खोलीत न्यायची सोय नाही. ती मी टाकून दिली. बाकीची खोलीत आणली.

खोली दहा बाय दहा. एका बाजूला यजमानांची बाज, एका बाजूला चूल, चुलीवर आडवी दोरी. पावसाळ्यात लोणावळ्यात काहीच वाळत नाही. कपडे, कांदे, सुके बोंबील, सगळं त्या दोरीवर. ऑर्किडंही मी सुतळीनं बांधून तिथंच टांगली. कुजली आहेत, तर वाळू देत, असा माझा हिशेब. चार-सहा दिवसांत पानांवर काजळी बसली. मग ती चामड्यासारखी सुरकुतली. मग मी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायला लागले. मला तेव्हा मूल नव्हतं, असतं तर त्याचं तोंड मी इतक्या वेळा पुसलं नसतं.

बाजेवरून सल्ले चालू होते.

"पाणी दे त्यांना."

"पाणी दिलं म्हणूनच कुजली ना?"

"मग देऊ नको."

"न दिल्यानं सुकली."

"मग थोडं थोडं दे."

"थोडं म्हणजे किती?"

"बाईसाहेबांनी सांगितलं होतं की."

"काय सांगितलं होतं?"

हे छताकडे बघत राहिले. "तेवढं ध्यानात न्हाई," म्हणाले.

दिवसाआड शेजारच्या बंगल्याचा माळी यायचा. डोक्यावर गोणपाटाची खोळ, तोंडात पान. पाय कसा आहे विचारायला येतो असं म्हणायचा, आणि बाजेकडे न बघता वर दोरीकडे बघायचा. त्याचा मेव्हणा गावात बसून होता, त्याला आमची जागा मिळवून द्यायची हे सगळ्या लोणावळ्याला माहीत होतं.

"वैनी, न्हाई वाचायची ही," तो म्हणायचा. "मी तरी काय म्हंतो, खरं काय ते बाईसायबांना सांगून टाकावं. मी सांगू का? मला मुंबैला जायचंच हाय."

"तुमच्या गुलाबांना कीड लागलीय," मी म्हणायचे. "ती सांगा तुमच्या सायबांना. जाताच आहात तर."

"मी आपलं तुमच्या भल्याचं बोलतोय."

त्यावर आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या, "आमचं भलं तुज्या तोंडात मावंना झालंय. पान थुक आदी."

"मावशी, तुमीच लावली म्हनं चिखलात?"

"व्हय. मीच लावली. तुज्या बापाच्या वावरात लावली का?"

आत्याबाई असल्या वेळी कामाला यायच्या. बाकीच्या वेळी मात्र नाही.

एक दिवस सकाळी त्या चूल पेटवायला बसल्या. फुंकणीनं फुंकता फुंकता धुरानं डोळे चुरचुरले म्हणून मान वर केली आणि तशाच बघत राहिल्या. वर एका झाडाचं नवं मूळ लोंबत होतं. पांढरं, टोकाला हिरवं. मी ते आदल्या दिवशी पाहिलं होतं आणि मनातून जरा बरं वाटलं होतं, कुणाला बोलले नव्हते.

"अगं ये," त्या म्हणाल्या. "हे बांडगूळ हाय!"

"बांडगूळ नाही ते."

"मला शिकवतीस? आमच्या आंब्यावर बसतंय त्ये ह्येच. मामंजी दर साली कोयता घिऊन चढायचे आन् तोडून टाकायचे. टोपलीत हुतं म्हून वळाकलं न्हाई." त्यांनी फुंकणी खाली टाकली. "आन् तू ह्ये माज्या लेकाच्या डोईवर टांगलंस व्हय?"

यजमानांची बाज बरोबर दोरीच्या टोकाखाली होती. त्याला इलाज नव्हता, दुसरीकडे गळत होतं.

"बांडगूळ ज्याच्या वर बसतं त्याला खातं," आत्याबाई म्हणाल्या. "तरीच म्हनलं पाय का जुळंना! वरून ह्ये पीतंय त्येला."

मावळात बांडगुळाला घराच्या उंबऱ्याच्या आत कुणी आणत नाही. ज्याला स्वतःचं बूड नाही ते दुसऱ्याच्या घरावर वाढतं, असं म्हणतात. आंब्याच्या फांदीत शिरून त्याचा रस पिणारं ते खरं बांडगूळ वेगळं, आणि हे फांदीवर नुसतं बसतं, झाडाचं काही खात नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की आगगाडीचं भाडं भरून बांडगूळ कुणी आणत नाही. ते मी सांगितलं.

"पारशांचं काय सांगावं," आत्याबाई म्हणाल्या. "येक तर ह्ये भाईर, न्हाई तर मी भाईर."

मी जरा वेळ विचार केला. खोटं कशाला सांगू, केला.

"अगं, काढ ना बाहेर," यजमान म्हणाले. बाजेवरून ते हळूहळू एका अंगाला सरकत होते. त्यांचाही विश्वास बसला होता.

"बाहेर कुठं? पोर्चमध्ये टोपल्या नाहीत. भुईत ठेवली तर कुजतील. पावसात फेकून देऊ? आणि बाईसाहेबांना सांगू काय, की तुमची झाडं मी माझ्या नवऱ्याच्या अंगावरून उतरवून टाकली?"

"फेकू नगंस," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनाही जागेची काळजी होतीच, फक्त त्यांच्या पद्धतीनं होती. "बांडगुळाला झाड दे. झाडावर बांध. झाडाला खाऊ दे, मानसाला नगं."

मग कुठल्या झाडावर, यावर भांडण. मी आंबा म्हटलं. आत्याबाई म्हणाल्या, आंब्याला हात लावायचा नाही, फळाचं झाड आहे, मरेल. फणस? फणसाचंही तेच. जांभूळ? त्याखाली जाता-येता गावची बायामाणसं टेकतात, बांडगूळ त्यांना खाईल, नको. फाटकाजवळचा मोठा वृक्ष बाईसाहेबांच्या सासऱ्यांनी लावलेला, तो मेला तर आणखी एक भानगड. शेवटी आत्याबाईंनी मागच्या दगडी गडग्याजवळचा देवचाफा पसंत केला. वाकडा, ठेंगणा, हिवाळ्यात नुसत्या काटक्या.

"ह्ये मेलं तरी कुनाला कळनार न्हाई," त्या म्हणाल्या. "आत्ताच मेल्यावानी दिसतंय."

त्यांनीच बांधली. मी झाडं धरून उभी राहिले आणि त्यांनी जुन्या लुगड्याच्या धांदोट्या फाडून, भाताची पेंढी बांधतात तशी गाठ मारून, एकेक झाड फांदीच्या बेचक्यात असं आवळलं की ते माझ्या हातानं सुटलं नसतं. बांधताना त्या चाफ्याशी बोलत होत्या. "खा म्हनावं किती खायचं त्ये. माज्या पोराला सोड." सगळी बांधून झाल्यावर हात धुतले, अंगणातच डोक्यावरून पाणी घेतलं आणि मग घरात शिरल्या.

पुढचा सगळा श्रावण पाऊस. लोणावळ्याचा पाऊस सांगून कळत नाही. समोरची भिंत दिसत नाही, धुकं खोलीत येतं, मिठाला पाणी सुटतं, आगपेटी ओलसर होते. मला वाटलं आता हीही गेलीच. पण मी काही करू शकत नव्हते आणि खरं सांगायचं तर करायची इच्छाही उरली नव्हती. यजमानांना उचलणं, बसवणं, सरपण, दळण, बागेचं गवत काढणं, सगळं माझ्या अंगावर. झाडांचं एकच करत असे, रोज संध्याकाळी डबा घेऊन जायचे आणि गोगलगायी वेचायचे. त्यांना चाफ्याचं पान नको असे, ऑर्किडचाच कोवळा कोंब लागे. माणसालाही महागाची चव लागते तशी. राख टाकून बघितली, ती पावसानं वाहून गेली. शेवटी हातानंच.

तरी दोन झाडं काळी पडून गळाली. एक शेजारच्या माळ्याच्या शेळीनं खाल्लं. मागच्या पायांवर उभी राहून, खालच्या फांदीवरचं, पानं-बिनं सगळं. मी धावत गेले तोवर ती रवंथ करत होती.

"वैनी, मुक्या जनावराला काय कळतंय?" तो गडग्यावरून म्हणाला.

"जनावराला कळत नाही. दावं कुणी सोडलं?"

"तुटलं."

"दाखवा."

दावं त्याच्या हातातच होतं, गाठ सोडलेलं. त्यानं ते पाठीमागे धरलं. मी शेळीचे कान धरून तिला गडग्यापलीकडे लोटलं आणि त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आत्याबाईंनी खिडकीतून ऐकलं आणि त्या दिवशी मला भाकरीवर तेल जास्त घातलं.

भाद्रपद संपता संपता पाऊस ओसरला आणि बाईसाहेब कुणाला न कळवता आल्या. मी गवत काढत होते. टांगा फाटकात थांबला आणि मी उठेपर्यंत शेजारचा माळी गडगा ओलांडून पुढं हजर. त्याला टांग्याचा आवाज कसा ऐकू आला देव जाणे.

"बाईसायेब, झाडं मेली," तो नमस्कार करायच्या आधी म्हणाला.

बाईसाहेब पोर्चमध्ये गेल्या. रिकामे आकडे बघितले. माझ्याकडे वळल्या. यजमान काठीवर रेटा देत, एका पायावर, खोलीतून बाहेर आले. चेहरा असा की अजून काही विचारलं नाही आणि "हो बाईसाहेब" म्हणतील.

"टोपली कुठे गेली?" बाईसाहेबांनी विचारलं.

मी काही सांगायच्या आत आत्याबाई मागून म्हणाल्या, "जाळल्या. आन् झाडं चिखलात लावली. म्या. हिनं न्हाई. हिनं उपटली."

"चिखलमध्ये?" बाईसाहेब म्हणाल्या. त्यांनी यजमानांकडे बघितलं. "खरं आहे?"

"हो बाईसाहेब."

बाईसाहेबांचं तोंड लाल झालं. त्या टोपल्या त्यांच्या आईच्या घरच्या होत्या म्हणे. पंधरवडा देते, खोली खाली करा, असं त्यांनी सांगून टाकलं. शेजारचा माळी लगेच वाकून नमस्कार करता झाला. मला वाटलं, संपलं. आणि संपणारच होतं तर मग मी गोगलगायी का वेचत होते, याचा मला असा संताप आला की मी बाईसाहेबांचा हात धरला. माळ्याच्या बायकोनं असा हात धरायचा नसतो. पण धरला आणि ओढतच त्यांना मागं नेलं.

चाफ्यावर जी उरली होती ती सगळी तजेलदार होती. आत्याबाईंच्या धांदोट्या कुजून गळून गेल्या होत्या आणि झाडं तरीही पडली नव्हती. मुळं चाफ्याच्या सालीवर चिकटून पसरली होती, बोटांसारखी.

बाईसाहेबांनी एका मुळावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हे काढ. मी नवा टोपली आणते. मुंबईला नेते." त्यांनी स्वतःच एक झाड धरून ओढलं. मूळ सुटेना. जोरानं ओढलं तर कट्कन् तुटलं, चाफ्याची साल घेऊन. त्या हातातला तुकडा बघत राहिल्या. पुन्हा हात लावला नाही.

"पानी किती घालते तू?" त्यांनी विचारलं.

"घालत नाही."

"खत?"

"नाही."

"मग करते काय?"

"गोगलगायी वेचते. आणि ह्या माणसाची शेळी हाकलते."

बाईसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "जनावर हाय, बाईसायेब," आणि दोन पावलं मागं सरला.

"हिवाळ्यात पाऊस नाय. तेव्हा काय करशील?"

"हिवाळ्याचं हिवाळ्यात बघीन," मी म्हटलं. "पण आम्ही इथं असलो तर बघीन. नसलो तर त्याचा मेव्हणा बघेल. आणि शेळी."

त्यांनी हातातला तुकडा चाफ्याच्या बेचक्यात ठेवला. मग म्हणाल्या, "थंडीत येते मी. तोपर्यंत राहा. ही जगली तर पुढे पण राहा. आणि हात लावू देऊ नको म्हातारीला."

"मी कशाला लावू?" आत्याबाई म्हणाल्या. "मी पुन्यांदा अंग धुनार न्हाई."

म्हणजे पंधरवड्याऐवजी आता मला वर्षभर त्या झाडांच्या मागं लागायचं होतं. हिवाळ्यात चाफ्याची पानं गळाली आणि ऑर्किडांवर सरळ ऊन यायला लागलं. मी बांबूवर गोणपाट टाकून सावली केली. वाऱ्यानं गोणपाट उडालं, पुन्हा बांधलं, पुन्हा उडालं. पाणी किती घालायचं हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही सांगता येणार नाही. मूळ पांढरं दिसलं की शिंपडायचे, हिरवं दिसलं की थांबायचे. एक झाड तरीही काही कारण न देता वाळून गेलं. काही दुखलं-खुपलं तर माणूस सांगतो, जनावर हंबरतं. हे काहीच करत नाही. एक दिवस सकाळी पिवळं, आणि झालं.

बाईसाहेब थंडीत आल्या, बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. न बोलणं म्हणजे राहा, असं आम्ही धरलं. उन्हाळ्याच्या तोंडाला एका झाडाला फुलांचा तुरा आला, जांभळे ठिपके असलेला. यजमानांना मी धरून चाफ्यापर्यंत नेलं. ते बघून "बरं आहे" म्हणाले. आत्याबाईंनी जवळ जाऊन वास घेतला.

"वासबी न्हाई," त्या म्हणाल्या. "येवढ्यासाठी?"

मलाही तसंच वाटलं. पण मी ते तोडलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात आवणीला आत्याबाई गावाला गेल्या. मी स्वतः त्यांना गाडीत बसवून दिलं. यजमानांचा पाय आखूड राहिला, पण उभं राहून बाग करता येऊ लागली. त्या वर्षातून चार ऑर्किडं जगली, चाफा जगला, आणि आम्ही दोघं त्या खोलीत राहिलो.